करवंदाची जाळी आणि आपला हिशेब

हरमल म्हटले की लोकांना समुद्रकिनारा आठवतो. समुद्राकडे पाठ करून वर चढले की जांभ्याचा सडा लागतो, हे फारसे कुणी सांगत नाही. या सड्यावर करवंदाच्या जाळ्या आहेत. गोव्यात आम्ही त्यांना 'कांटां' म्हणतो, माझे कन्नड मित्र 'कवळी हण्णू' म्हणतात. कच्च्या करवंदांचे लोणचे आणि वैशाखात पिकलेली काळी करवंदे, ही आमच्या घरची जुनी रीत.

दोन वर्षांपूर्वी सड्याचा एक तुकडा विकला गेला आणि तेथे सपाटीकरणाचे यंत्र आले. एक जाळी तरी वाचवावी म्हणून बाबांनी आणि मी ती खणायला घेतली. मूळ कातळाच्या भेगेत शिरले होते. हातभर खाली गेल्यावर ते तुटलेच. परड्यात खड्डा केला, शेणखत घातले, फांद्या छाटल्या, वर सावली केली. पंधरा दिवसांत जाळी वाळली. आजी एवढेच म्हणाली, "झाड आणलंत, ते मेलं. आता बी आणा."

उरलेल्या जाळ्यांची पिकली करवंदे आणली. हे बी सुकले की उगवण घटते, म्हणून गर धुऊन लगेच पिशव्यांत लावले. वर्षभर वाढलेली रोपे पुढच्या मृगात, मातीचा गोळा न फोडता, वईच्या कडेने तीन-तीन फुटांवर लावली. बारांपैकी नऊ जगली.

हे सांगण्याचे कारण निराळे आहे. डोंगर कापायचा झाला की 'झाडे दुसरीकडे लावू' असे आश्वासन मिळते आणि आपण निश्चिंत होतो. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते. पण कायद्यातले 'झाड' म्हणजे निदान १ मीटर उंच आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर निदान ५ सेंटिमीटर जाड बुंध्याचे. बारीक काड्यांची करवंदाची जाळी या मापात सहसा बसत नाही. आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, की ज्याची नोंद नाही ते ताळेबंदात येत नाही. मग तोटाही दिसत नाही!

आमच्याच पेडणे तालुक्यात मोप्याच्या पठारावर विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. रोजगार हवा, हे मलाही मान्य आहे. पण सडा म्हणजे पडीक जमीन, ही समजूत खोटी आहे. पावसाचे पाणी त्याच्याच भेगांतून मुरते आणि खाली झऱ्यांना मिळते. हरमलचे गोड्या पाण्याचे तळे डोंगराकडून येणाऱ्या पाण्यावरच भरते.

कोणी म्हणेल, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आहे, तिची रोपे आणा. जरूर आणावीत. घरोघरी करवंदाची वई व्हावी, असेच मला वाटते. मात्र ती सड्याची भरपाई नव्हे. आमची नऊ रोपे जगली, ती सड्यावर चार जाळ्या शिल्लक होत्या म्हणून. उद्या बी आणायला जायचे कुठे?