वेळ कुणाच्या मालकीचा?

'वेळेचे नियोजन करा' हा उपदेश आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पहाटे उठा, वेळापत्रक भिंतीवर लावा, रिकामा तास ग्रंथालयात घालवा. उपदेश खोटा नाही. परंतु 'दिवसाचे २४ तास सर्वांना सारखेच' हे जे त्याला जोडून सांगितले जाते, ते मला पटत नाही.

लोकांचा दिवस कशात जातो, याची देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे तीत आढळले. फरक २०२ मिनिटांचा. म्हणजे जवळजवळ चार तासिका!

पाणी भरून, भाकऱ्या थापून पहिल्या तासाला हजर होणाऱ्या मैत्रिणी आपल्याच वर्गात आहेत. कुकरची शिट्टी होईपर्यंत त्या टिपणांचे एक पान वाचून काढतात. त्यांना नियोजन कोणी शिकवावे? उलट त्यांच्याकडूनच ते शिकावे. भावाचे वेळापत्रक मात्र बिनचूक चालते, कारण चहा, डबा, धुतलेले कपडे यांना त्यात रकानाच नसतो. ती कामे दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून होतात.

मित्रहो, वेळापत्रक जरूर आखा. पण आपले ताट, आपले कपडे, आपले अंथरूण यांसाठी त्यात अर्धा तास ठेवा. तेवढाच अर्धा तास घरात कुणाला तरी परत मिळेल. परीक्षेच्या दिवसांत त्याचे मोल काय असते, हे तुम्हांला मी सांगायला हवे का?