साखरेचा वास आणि तापलेले चाक

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. इंदापूरला बहिणीकडे जाऊन आम्ही बारामतीस परतत होतो. गाडीत सौभाग्यवती, शहाऐंशी वर्षांची आई आणि मी. आईचा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे, एवढाच हिशेब डोक्यात होता.

निमगाव केतकी सोडल्यावर गाडी जड चालते आहे असे वाटले. बहिणीने दिलेल्या डाळिंबांच्या पेटीवर मी त्याचे खापर फोडले. लासुर्ण्याच्या पुढे गाडी किंचित डावीकडे ओढू लागली, तेव्हा दोष रस्त्याला दिला. भवानीनगर जवळ आले आणि उग्र करपट वास आला. गळीत हंगाम चालू, कारखाना शेजारी. मळीचा वास असणार, असे मी सांगून टाकले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कारखाना मागे पडला, वास मात्र आपल्याबरोबरच येतो आहे."

गाडी थांबवली. चाकाला हात न लावता, तळवा वीतभर दूर धरून चारही चाके पाहिली. डाव्या पुढच्या चाकातून भट्टीसारखी धग येत होती. उजवे नुसते कोमट. बारामती पंधरा-सोळा किलोमीटर, सूर्य मावळायला पाऊण तास. हळूहळू गेलो तर पोहोचू, हा मोह मला झाला, हे कबूल करतो. पण अडकलेल्या ब्रेकची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ते उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल निमूटपणे खाली जाते. समोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. गाडी तेथेच ठेवली. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू दिले नाही. त्याने डिस्क वाकडी होते, प्रसंगी तडकते. ओळखीच्या एका गृहस्थांच्या जीपने घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. बाहेरचे आई घेत नाही. त्या रात्री ती पाण्याच्या थेंबाविना निजली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी निदान केले ते पाहण्यासारखे होते. प्रथम चाक जॅकवर उचलले, हाताने फिरेना. मग त्यांनी कॅलिपरवरील हवा काढण्याचे निप्पल किंचित सैल केले. मला समजावले ते असे: तेल उसळून बाहेर आले आणि चाक सुटले, तर दाब आत कोंडला आहे, मग दोष रबरी होज पाइपचा किंवा मास्टर सिलिंडरचा. होज आतून सुजला की तेल जाते, पण परत येत नाही. निप्पल उघडूनही चाक सुटले नाही, तर अडचण कॅलिपरमध्येच आहे, पिस्टनची किंवा ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांची. आमचे चाक सुटले नाही.

कॅलिपर उतरवून त्यांनी तारेने टांगला. होजवर लोंबकळू दिला नाही. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. ही विषम झीज म्हणजे पिन अडकल्याची खूण. खालची पिन खरोखरच हलेना. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात पॅड बदलले होते, तेथे कोणी पिनांना साधे खनिज ग्रीस चोपडले होते. त्याने रबर फुगते. येथे सिलिकॉन ग्रीसच हवे. पिना व रबरे नवी घातली, पिस्टन सहज आत जातो याची खात्री केली, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, आणि ब्रेक ऑइलही नवे भरून हवा काढली. हे तेल हवेतील ओल शोषते. डॉट ३ जातीचे कोरे तेल २०५ अंशांच्या वर उकळते, ओल धरलेले मात्र १४० च्या आसपास. म्हणून दोन वर्षांनी बदलावे.

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला ही पिनांची भानगड नव्हती. चारही चाकांना ड्रम होते. ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांचे वालचंदनगर याच रस्त्यावरून जंक्शनपाशी वळल्यावर लागते.

मला खरी लाज वाटली ती घरी येऊन डायरी उघडल्यावर. पेट्रोलची नोंद मी नेमाने ठेवतो. लिटरमागे अठरा किलोमीटर देणारी गाडी तीन महिन्यांत सोळा, मग पंधरावर आली होती, आणि मी समोर लिहिले होते: "वाहतूक कोंडी." उभ्या नोकरीत तेरीज जुळली नाही तर कोणाला घरी जाऊ दिले नाही. येथे मात्र फरक दिसत असताना तो सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा इंदापूरला गेलो. येताना लासुर्ण्याला उतरून दोन्ही चाकांजवळ तळवा धरला. धग सारखी होती. आईने काच खाली करून विचारले, "अरे, झाली का तुझी तपासणी? सूर्य बघ कुठे आला!"