जुनी ऑटोमन तलवार घासूनपुसून चकाचक केली, तर नेमकं काय गमावतो आपण?

गंजलेल्या तलवारीला ग्राइंडर लावून आरशासारखी चमकवणारे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. बघायला भारी वाटतं. पण तलवार ऑटोमन काळातली असेल, तर त्या दहा मिनिटांत तिचा पुरावाच पुसला जाऊ शकतो.

कसं ते बघू. तुर्कांची यातागान ही आतल्या बाजूला वळलेल्या पात्याची तलवार. १८व्या-१९व्या शतकातल्या यातागानांवर अनेकदा घडवणाऱ्याचं आणि मालकाचं नाव, दुआ आणि हिजरी साल कोरलेलं असतं. साल १२२६ दिसलं तर ते इसवी सन १८११. हिजरी वर्ष चांद्र असल्याने नुसते ६२२ मिळवून चालत नाही, अनेकजण इथेच फसतात.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सुलतान सुलेमानची यातागान आहे. अहमद तेकेलू या कारागिराने ती १५२६-२७ मध्ये घडवली, हे तिच्यावरच्या लेखातून कळतं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधली तशीच दुसरी तलवार त्याच्याच कारखान्यातली मानतात, ती या तलवारीशी जुळते म्हणून. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार पात्यावरच्या देवनागरी लेखामुळेच ओळखता आली.

आता लेखालाच किंमत म्हटल्यावर कोऱ्या पात्यावर नवा लेख घालणारेही आलेच. ते पकडायचे कसे? जुन्या कामाच्या एका पद्धतीत पोलादावर बारीक चरे पाडून त्यावर सोनं ठोकून बसवायचे. सोनं झिजलं की खालचे चरे दिसतात. वरवर सोनेरी मुलामा दिलेल्या नकलेत ते नसतात. शिवाय अक्षर जुन्या डागाला कापत गेलं असेल, तर ते डागानंतरचं.

गंमत म्हणजे पॉलिश नेमकं हेच घालवतं, डाग, चरे आणि उरलंसुरलं सोनंही. मग अस्सल तलवारही अस्सल म्हणून सिद्ध करता येत नाही. पोलादावरची लहरींची नक्षी आम्ल लावून पुन्हा उठवता येते, सोनं मात्र गेलं ते गेलं. म्हणून जाणकार फक्त लाल, भुसभुशीत गंज हळूहळू काढतात, काळसर थर तसाच ठेवतात आणि वर मेणाचा पातळ हात देतात. व्हिडिओला लाइक मिळण्यासारखं त्यात काहीच नसतं.

आणि इस्तंबूलच्या बाजारात अशी तलवार आवडलीच, तर आधी कागद मागा. तुर्कीच्या १९८३च्या कायद्यानुसार संरक्षित पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे.