देवाच्या दारी खोली, दवाखान्याच्या दारी सतरंजी

शेगावला जाताना मुक्कामाची काळजी आपण कधी करत नाही. भक्तनिवास आहे ना! कारंज्याच्या गुरुमंदिरातही बाहेरगावच्या भाविकाची सोय होते. वऱ्हाडात देवाला निघालेला माणूस सहसा उघड्यावर पडत नाही. मग दवाखान्याला निघालेला का पडावा?

आपल्या वाशीम जिल्ह्यात मोठे दुखणे निघाले की अकोला, नाहीतर नागपूर, आणि कॅन्सर असला तर पुष्कळदा मुंबईचे टाटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा बराच खर्च निघतो, हे चांगलेच आहे. पण सोबतच्या माणसाने रात्री पाठ कुठे टेकायची, याची तरतूद त्यात नाही.

पुष्कळांना वाटते, पेशंटला खाट मिळाली की झाले. पण रेडिएशनचे पाहा. साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे ते घ्यावे लागते. रोजचे काम काही मिनिटांचे, म्हणून बहुतेकांना भरती करून घेत नाहीत. आणि रोज घरी परतणेही शक्य नसते. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आले खरे, पण अंगात त्राण नसलेल्या माणसाने रोज तो प्रवास करायचा कसा?

आमच्या ओळखीच्या एका शेतमजूर कुटुंबाने लॉजचे भाडे दहा दिवस भरले, आणि मग उपचार अर्धवट टाकून ते गावी परतले. औषध फुकट होते, खोली फुकट नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे की राहण्याची खोली हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

हे नवीन नाही. आपल्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) स्वतःसाठी घर बांधले नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आज टाटाच्या रुग्णांना आसरा देते. यात्रेकरूची धर्मशाळा रुग्णाची झाली, यात बाबांचा विचार पुढेच गेला. परळला नाना पालकर स्मृती समिती हेच काम करते. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने मुंबईत केंद्रे काढली. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि सर्वांना मिळून स्वयंपाकघर असते. स्वयंपाकघर ही चैन नव्हे. केमो चालू असलेल्या लेकराला बाहेरचे अन्न बाधू शकते, आईच्या हातचा ताजा वरणभातच त्याला बरा.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. जागा सरकारने द्यावी, मान्य. पण चालवायला आपली माणसे हवीत. मोठी इमारत नको. अकोल्यात किंवा नागपुरात दवाखान्याजवळ दहा खोल्या, चूल मांडायला जागा, डॉक्टरांची चिठ्ठी पाहून प्रवेश, आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे सांगणारा एखादा निवृत्त माणूस. आमच्यासारखे रिकामे मास्तर गावोगाव आहेतच की!

वाचकहो, पुढच्या वेळी भक्तनिवासाची पावती फाडायला कोणी आले तर वर्गणी जरूर द्या. फक्त एवढे विचारा, यातली एक खोली दवाखान्याच्या दारी बांधता येईल का? देव काही रागावणार नाही.