सातवा माणूस

किस्लोव्स्कीच्या 'थ्री कलर्स' मालिकेतला शेवटचा चित्रपट 'रेड' (१९९४) पाहिलेले लोक बहुधा शेवटावर अडतात. इंग्लिश खाडीत बोट बुडते, प्रवासी चौदाशेहून अधिक, वाचतात फक्त सात. त्यातले सहा म्हणजे तिन्ही चित्रपटांतल्या तीन जोड्या! 'हे जरा अतीच झालं', असं म्हणतात. पहिल्यांदा मीही म्हणालो होतो. (मास्तरांना चुका आधी दिसतात.)

परवा पुन्हा पाहिला. निवृत्त न्यायाधीश टीव्हीसमोर बसलेला, त्याच्याबरोबर मीही. एकेक ओळखीचा चेहरा दिसला, शेवटी व्हॅलेंटीन दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. बाकीचे चौदाशे बुडाले, त्याचं मला काहीच वाटलं नाही! योगायोग खटकला तो हा आनंद ओसरल्यावर.

'ब्लू' आणि 'व्हाइट'मध्ये एक वाकलेलं वृद्ध माणूस बाटली टाकायला धडपडतं, कुणी उठत नाही. 'रेड'मध्ये व्हॅलेंटीन त्या म्हातारीला हात देते. म्हातारी तिच्या ओळखीची नव्हती.

वाचलेला सातवा बोटीवरचा बारमन. बातमीत त्याचं नाव सांगतात. चित्रपट संपल्यावर आठवून पाहिलं, आठवेना.