हप्ता मिळो, रोगी मरो!

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी कृतघ्न रोग्यासाठी रचली. आज ती उलटी करून वाचावी लागते. वैद्यही तेथेच आहे, औषधही तेथेच आहे. मरतो तो रोगी, आणि त्याचा हप्ता वर्षानुवर्षे खिशात घालणारा तिसराच कोणी दूर वातानुकूलित कचेरीत बसून त्याच्या कागदांतील चुका शोधीत असतो.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांना हृदयविकाराचा झटका आला. नऊ वर्षे त्यांनी आरोग्य विम्याचा एकही हप्ता चुकविला नव्हता. निवृत्तिवेतन हाती पडले की प्रथम हप्त्याची रक्कम बाजूला काढून ठेवायची, हा त्या घराचा नेम. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितले. रात्री नऊ वाजेपर्यंत ते गृहस्थ कपडे करून खाटेवर बसून होते, कारण कंपनीचे अखेरचे संमतिपत्र येत नव्हते. आले ते नकारपत्र! ‘रुग्णाला बारा वर्षांपासून रक्तदाबाचा विकार असून त्याने तो विमा घेताना दडविला.’

हा शोध कंपनीला कोठे लागला? रुग्णालयाच्या केसपेपरवर. मध्यरात्री दोन वाजता, पती आत मृत्यूशी झुंजत असताना, एका शिकाऊ डॉक्टरने त्यांच्या पत्नीला विचारले, “बीपी किती वर्षांपासून आहे?” ती माउली म्हणाली, “असेल दहा-बारा वर्षे.” भेदरलेल्या स्त्रीच्या तोंडचे ते तीन शब्द नऊ वर्षांच्या हप्त्यांना भारी ठरले. दुसऱ्या दिवशी तिने हातातल्या बांगड्या पतपेढीत ठेवून बिल भागविले. “फादर, आम्ही कुणाला फसवलं का हो?” हा तिचा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

कोणी म्हणेल, नियम तो नियम. ठीक आहे, मग नियमच पाहू. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली स्पष्ट केले आहे की, सलग साठ महिने विमा चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडता, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. विनारोकड उपचारांच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडण्याच्या वेळी तीन तासांत निर्णय दिलाच पाहिजे. उशिरामुळे बिल वाढले तर तो भार कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा आहे. दावा नाकारायचा तर पुनरावलोकन समितीची संमती हवी आणि करारातील नेमक्या कलमासह कारण लेखी द्यायला हवे. म्हणजे आमच्या गुरुजींच्या बाबतीत नियम मोडला तो कोणी?

कंपन्यांचे ठरलेले उत्तर असे की, ‘ग्राहक शर्ती वाचत नाहीत.’ खरे आहे, वाचत नाहीत. पण ज्याचे सारे आयुष्य मराठीत गेले, त्याच्या हाती बारीक इंग्रजी टंकातील चाळीस पाने ठेवायची आणि वाचली नाहीत म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हा कोणता प्रामाणिकपणा? एकच शर्त पाहा. तीन लाखांचा विमा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार रुपये. दुसरी खोली रिकामी नाही म्हणून तुम्ही सहा हजारांची घेतली. तुम्हाला वाटेल, वरचे तीन हजार आपण भरू. छे! भाडे दुप्पट, म्हणून शल्यविशारदाच्या फीसारखे इतर खर्चही निम्मेच मंजूर होतात. रुग्णालये खोलीच्या दर्जाप्रमाणे दर लावतात, हे त्याचे कारण. पण विमा विकताना एजंटाने हे गणित कधी मांडून दाखविले होते का?

हे एकट्यादुकट्याचे रडगाणे नव्हे. प्राधिकरणाच्याच अहवालानुसार २०२३-२४ या वर्षात आरोग्य विम्याचे सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांचे दावे कंपन्यांपुढे होते. त्यांपैकी चुकते झाले सुमारे ८३ हजार कोटी. कापलेली आणि नाकारलेली रक्कम मिळून २६ हजार कोटींच्या घरात जाते. त्यांत काही दावे खोटे असतील, नव्हे, असतातच. पण चोर पकडायचा म्हणून साऱ्या गावाला उपाशी ठेवायचे नसते.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परतताना फेडीन, असा शब्द दिला. त्याने त्या जखमी माणसाचा पूर्वेतिहास विचारला नाही. पण उतारशाळेच्या मालकाकडेही लक्ष द्या: ‘पैसे दुसराच देणार आहे’ असे कळल्यावर त्याने दर वाढविले, असे कोठे लिहिलेले नाही. ‘विमा आहे का?’ असे विचारून मग बिल ठरविणारी रुग्णालये या पापात भागीदार आहेत, आणि आपली मिशन रुग्णालयेही या बाबतीत आत्मपरीक्षणापासून सुटत नाहीत. मधुमेह असताना अर्जावर ‘नाही’ लिहिणारे आणि ‘लिहा हो, कोण बघतो’ म्हणणारे एजंटही आपल्याच बाकांवर बसतात. त्यांच्या खोटेपणाची किंमत गुरुजींसारखी खरी माणसे मोजतात.

तेव्हा हळहळ पुरे. अर्ज स्वतः वाचून, जुने आजार न लपविता भरा. विम्याचे माहितीपत्रक मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे. केसपेपरवर आजाराचा इतिहास काय लिहिला गेला ते त्याच दिवशी पाहा, चुकीचा असेल तर डॉक्टरांकडून लेखी दुरुस्त करून घ्या. दावा नाकारला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. तेथे फी नाही, वकील लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. आणि आपल्या प्रत्येक धर्मग्रामात बँकेतून, कचेऱ्यांतून निवृत्त झालेली हुशार मंडळी आहेत. रविवारच्या मिस्सानंतर तासभर टेबल मांडून त्यांनी शेजाऱ्याचा अर्ज लिहून दिला, तर तीही दयेचीच सेवा होय.

गुरुजींचा अर्ज आम्ही असाच लिहिला. लोकपालांकडे तक्रार दाखल झाल्यावर, सुनावणीपूर्वीच कंपनीने रक्कम भरली. आठ महिन्यांनी, दिलगिरीचा एक शब्दही न लिहिता. बांगड्या सुटल्या, पण पतपेढीचे व्याज त्या घराने भरले. ज्यांना अर्ज लिहून देणारे कोणी भेटले नाही, त्यांच्या बांगड्या आजही तारण पडून आहेत.