चालत्या यंत्राची नोंदवही

गेल्या महिन्यात आमची भाची चार दिवसांच्या रजेवर बडोद्यास आली होती. रजा नावाचीच, कारण दुसऱ्याच रात्री दोनच्या सुमारास तिचा फोन खणखणला आणि ती माडीवरच्या खोलीत संगणक उघडून बसली. खाली ताईंचा डोळा लागेना. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलेच, "अगं, यंत्र बिघडले होते तर ते बंद करावे आणि मग दुरुस्त करावे. चालत्या यंत्रात हात घालायचा, ही कुठली रीत?"

"आई, बंद केले असते तर बिघाड सापडलाच नसता," भाची म्हणाली. "मी यंत्राला हातही लावला नाही. फक्त लॉगची लेव्हल वाढवली आणि वाट पाहत बसले." मग माझ्याकडे वळून, "मामा, तुम्ही दर महिन्याला मासिकात लिहिता ना? तुम्हीच हिला समजावून सांगा."

ते सांगणे येथे करीत आहे. कारण ज्या घरातील मुलगा वा मुलगी रात्री-अपरात्री अशा फोनासाठी उठत नाही, असे घर आता आपल्यात शोधूनच काढावे लागेल.

संगणकाच्या कचेरीत लॉग म्हणजे नोंदवही. शब्द मात्र समुद्रावरून आलेला आहे. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीस लाकडाचा तुकडा बांधून तो मागे पाण्यात सोडीत, आणि ठरावीक अवधीत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजून वहीत लिहीत. लाकडाचा तुकडा तो लॉग आणि त्याची वही ती लॉगबुक. पुढे त्या वहीत वाऱ्याची दिशा, वादळे, खलाशांची दुखणी असे सर्वच लिहिले जाऊ लागले. लाकूड गेले, वही राहिली.

प्रोग्राम चालू असताना त्याच्या पोटात काय घडत आहे हे डोळ्यांस दिसत नाही. शिवणयंत्राचा दोरा तुटला तर निदान आवाज बदलतो. येथे आवाजही नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने जागोजागी 'येथवर आलास की वहीत एवढे लिही' असे सांगून ठेवलेले असते. त्या ओळी हीच त्याची वाचा.

परंतु सारेच लिहावे काय? पेढीवरचा मुनीम रोजकीर्दीत आणा-पै लिहीत असे, पण मालकापुढे ठेवावयाचा तो गोषवारा. संगणकातही नोंदींना प्रतवारी आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा टपाल पोहोचविणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्याच्या नोंदींसाठी सिसलॉग नावाची व्यवस्था केली. त्या व्यवस्थेत शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे यंत्रणा निकामी झाली असा आकांत. तीन म्हणजे चूक. चार म्हणजे इशारा. सहा म्हणजे साधी माहिती. आणि सात म्हणजे डीबग, अर्थात दोष शोधणाऱ्याच्याच उपयोगाची बारीकसारीक कुजबूज. (इतर काही ठिकाणी हे आकडे उलटे धावतात, त्यामुळे 'लेव्हल वाढवली' या बोलण्याचा अर्थ 'उंबरठा खाली आणला' असाही असू शकतो. कचेरीत याचा घोळ होतो तो होतोच.)

सदैव सातव्या पायरीवर का राहू नये, याचे उत्तर त्रैराशिकाने मिळते. समजा, एखाद्या यंत्रणेकडे दर सेकंदास ५०० मागण्या येतात, आणि प्रत्येकीमागे २०० अक्षरांची एक ओळ लिहिली जाते. दिवसाकाठी साडेआठ गिगाबाइटच्या वर वही भरते. तेच प्रत्येकीमागे वीस ओळी लिहू लागल्यास दिवसाला पावणेदोनशे गिगाबाइटच्या घरात मजल जाते. वही भरून डिस्कवर जागा उरली नाही म्हणजे चांगला चाललेला प्रोग्रामही बंद पडतो. रोग्याचा ताप लिहून ठेवता ठेवता परिचारिकेने औषध द्यावयाचे विसरावे, तसे हे.

म्हणून एरवी गोषवारा, आणि संशय येईल तेव्हा तपशील. ही सोय आत कशी साधली जाते, ते फार कठीण नाही. प्रत्येक नोंदीच्या आधी प्रोग्राम एक लहानशी तुलना करतो: या ओळीची प्रत आजच्या उंबरठ्यात बसते काय? बसत असेल तर लिहितो, नसेल तर पुढे जातो. उंबरठा म्हणजे स्मृतीत ठेवलेला एक आकडा. तो बदलला की पुढल्याच ओळीपासून प्रोग्राम बोलका होतो. मध्ये थांबावे लागत नाही. प्रश्न एवढाच, की चालू असलेल्या प्रोग्रामच्या कानात हा नवा आकडा सांगावयाचा कसा?

याच्या युक्त्या मोठ्या गमतीच्या आहेत. युनिक्स पद्धतीच्या संगणकात 'हँग-अप' नावाचा एक संकेत आहे. टेलिफोनच्या तारेवरून काम करणाऱ्याचा फोन तुटला, हे प्रोग्रामला कळविण्यासाठी तो होता. पडद्यामागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रामांना फोन नाही की तार नाही. तेव्हा त्यांनी हा संकेत मिळताच आपली नियमांची फाइल पुन्हा वाचावी, असा प्रघात पडला. इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगणाऱ्या बाइंड या प्रोग्रामात जुन्या काळी एक संकेत दिला की बोलकेपणा एका पायरीने वाढे, आणि दुसरा दिला की तो एकदम शांत होई. जावा भाषेतील लॉगबॅकसारख्या साधनांना सांगून ठेवले, तर ती दर मिनिटाला स्वतःच नियमांच्या फाइलीकडे डोकावून पाहतात. लिनक्सच्या गाभ्यात तर एकेक डीबग-ओळ निवडून चालू वा बंद करता येते.

त्यातही मला विशेष आवडते ती वंशवृक्षाची रीत. जावाच्या या साधनांमध्ये प्रोग्रामच्या प्रत्येक भागास नाव असते, आणि ती नावे घराण्यासारखी एकाखाली एक लागतात. ज्या शाखेला स्वतःची पायरी नेमून दिलेली नाही, ती आपल्या जवळच्या पूर्वजाची पायरी चालविते. म्हणजे संशय केवळ एका शाखेवर असेल तर तेवढीच बोलकी करावी. बाकीच्या कुळाने आपले मौन राखावे.

आता ताईंचा मूळ प्रश्न: बंद का करू नये? तर बंद केले की पुरावा जातो. काही दोष असे असतात की तास न् तास चाललेल्या यंत्राच्या स्मृतीतच ते साठत जातात. बंद करून पुन्हा सुरू केले की यंत्र नव्याने न्हाऊन उठल्यासारखे टवटवीत होते, आणि आठ दिवसांनी पुन्हा तोच आजार.

याचे एक उदाहरण तर पृथ्वीच्या बाहेरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले, आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. गोळा केलेली माहिती वाचे, पण त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. असा झटका उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसला होता, परंतु शोधू गेल्यास पुन्हा येईना. यानाच्या प्रोग्रामात बारीक नोंदी ठेवण्याची सोय होती. ती चुकून राहिलेली नव्हती; जे तपासले तेच उडवावे या तत्त्वाने ती मुद्दाम ठेवली होती. मात्र अशा काही सोयी इतके लिहीत की ते सारे पृथ्वीवर पाठविणे शक्य नव्हते, म्हणून मंगळावर त्या मिटलेल्या असत. पासाडेनाच्या प्रयोगशाळेत यानाची जुळी प्रतिकृती होती. अभियंत्यांनी तिच्यावर नोंदींची ती सोय उघडली आणि तोच झटका येईपर्यंत ती चालविली. अठरा तासांच्या आत तो आला, आणि यावेळी वहीत सारे लिहिलेले होते. हवामानाच्या मापनाचे एक कमी महत्त्वाचे काम सामायिक साधन अडवून बसे. त्याच वेळी मधल्या महत्त्वाची कामे पुढे घुसत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम दाराशी ताटकळत राही. मग राखणदार घड्याळ 'महत्त्वाचे काम झाले नाही' असे पाहून संगणकच नव्याने सुरू करी. कारण कळल्यावर दुरुस्ती मंगळावर धाडण्यात आली.

आमच्या भाचीच्या कचेरीत जुळे यान नाही. तेथे विम्याचे दावे हाताळणारी यंत्रणा आहे, आणि तिची प्रतिकृती आहे ती खोट्या दाव्यांवर चालणारी, जिला हा आजार कधी झालाच नाही. खऱ्या यंत्रणेत मात्र दर आठ-दहा दिवसांनी काही दावे 'विचाराधीन' म्हणून अडकून पडत. ना मंजूर, ना नामंजूर. इस्पितळात पैसे भरून खोळंबलेले लोक फोन करीत. पाळीवरचा माणूस यंत्रणा पुन्हा सुरू करी, दावे सुटत, आणि सर्वांस हायसे वाटे. त्या रात्री भाचीने पुन्हा सुरू करू दिले नाही. दावे अडकलेलेच राहू दिले आणि उंबरठा खाली आणला.

वीस मिनिटांत उत्तर हाती आले. इस्पितळाची कागदपत्रे कधीकधी दाव्याला क्रमांक मिळण्याच्या क्षणभर आधी येत. क्रमांक नाही म्हणून कागद परतत, पुन्हा प्रयत्न करीत, आणि शेवटी एका कोपऱ्यात निमूट बसून राहत. तेथे नोंदीची ओळ होती. परंतु ती लिहिणाऱ्याने, जो आता त्या कचेरीत नाही, ती सातव्या पायरीवर ठेवली होती. 'यात विशेष काही नाही' असे त्यास त्या वेळी वाटले असावे. कोणती गोष्ट विशेष आणि कोणती नव्हे, हा निवाडा नोंद लिहिताना कोणीतरी एकट्याने केलेला असतो, हे मला या प्रकरणात सर्वांत विचार करण्याजोगे वाटले.

अडचणी आणखीही आहेत. एकच यंत्रणा दहा संगणकांवर चालत असेल आणि लेव्हल त्यांतील एकावर वाढविली असेल, तर दोष नेमका अकराव्या वेळी दुसऱ्याच संगणकावर घडतो. काही दोष लिहिण्याच्या गडबडीत वेळेचे गणित किंचित बदलल्याने लपूनच बसतात. त्यांना अभियंते हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून हायझेनबग म्हणतात. आणि सर्वांत नेहमीची अडचण ही, की सकाळ होते, सर्व आनंदात असतात, आणि उंबरठा परत वर नेण्याचे राहून जाते.

एवढे ऐकून ताईंचे समाधान झाले असते. पण भाची म्हणाली, "मामा, खरी गोष्ट पुढेच आहे."

डीबगच्या ओळींत संपूर्ण दावाच उतरत होता. नाव, वय, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, रोगाचे नाव, डॉक्टरांचा शेरा. त्या वीस मिनिटांत ती एकामागून एक दावे वाचीत गेली, आणि त्यांतील एक पत्ता दांडिया बाजारातला निघाला. माणसे तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीची. आजार असा, की त्या घराने तो कोणासही सांगितलेला नाही.

"कोण गं?" ताईंनी विचारले. त्यांच्या आवाजात काळजी होती, कुतूहल नव्हे. पण भाचीने मान हलविली. "आई, ते मला कळायलाच नको होते. तुला कसे सांगू?"

हे केवळ एका कचेरीचे दुखणे नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी सदस्यांना परवलीचे शब्द बदलण्याचा सल्ला दिला, कारण एका चुकीमुळे ते शब्द सांकेतिक रूपात जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी परवलीचे शब्द आपल्या यंत्रणेत वाचता येतील अशा रूपात साठल्याचे कबूल केले. तेथे कोणी रात्री लेव्हल वाढविली म्हणून हे झाले असे नव्हे. पण वहीत नको ते उतरले की काय होते, ते यावरून कळते. तिजोरीला सात कुलुपे असतात, आणि तिजोरीत काय आहे त्याची यादी मेजावर पडलेली असते.

आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. दुसरीकडे, २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने संगणक-यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन आले आहे, आणि गुन्ह्यांच्या तपासासाठी ते योग्यच आहे. पण मग त्या वीस मिनिटांचे काय? एकदा वहीत पडलेले दुखणे सहा महिने वहीत राहणार, आणि वही वाचण्याची मुभा ज्यांना आहे ते सर्व ते वाचू शकणार.

माझे मत विचाराल तर चालत्या यंत्राचा उंबरठा बदलण्याची सोय असलीच पाहिजे. ती नसती तर ते दावे आजही अडकत राहिले असते. परंतु ती किल्ली आहे, आणि किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला घरात कोणकोणत्या खोल्या आहेत हे ठाऊक असावे लागते. 'वाढवून तर पाहू' म्हणून सगळे कूळच्या कूळ बोलके करणारे लोक मला बेफिकीर वाटतात, मग त्यांचा हेतू कितीही चांगला असो.

भाचीने परत गेल्यावर चार गोष्टी करून घेतल्या, असे तिने फोनवर सांगितले. रोगाचे नाव व खाते क्रमांक कोणत्याही पायरीवर लिहिले जाणार नाहीत. त्यांच्या जागी फुल्या उमटतील. लेव्हल वाढविता येईल ती एकाच शाखेची, आणि पंधरा मिनिटांनी ती आपोआप पूर्ववत होईल. कोणी, केव्हा आणि कशासाठी वाढविली, याची नोंद त्याच वहीत वरच्या पायरीवर होईल. आणि कागदपत्रांच्या त्या हुकलेल्या क्षणाची ओळ सातव्या पायरीवरून चौथ्या पायरीवर आणली, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला रात्री उठावे लागणार नाही.

त्या वीस मिनिटांच्या फाइलीचे काम मात्र अधिक किचकट निघाले. वरिष्ठांच्या लेखी परवानगीने तिच्यातील नावे व आजार खोडून बाकीच्या नोंदी जपावयाच्या होत्या. पण तोवर तिची एक प्रत रात्रीच्या साठवणीत गेली होती, एक शोधयंत्रात, आणि एक कोणा सहकाऱ्याने पाहण्यासाठी म्हणून आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती. ती शेवटची प्रत सापडण्यास नऊ दिवस लागले.